अनिश्चिततेच्या परिस्थितीतील दीर्घकालीन व्यक्तिगत अर्थनियोजन : अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या संदर्भात

प्रास्ताविक

१९१० मध्ये स्थापन झालेली नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक ही अहमदनगर शहरातील मध्यमवर्गीयांच्या अनेक पिढ्यांच्या विश्वासाची संस्था होती. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले व ठेवीदारास केवळ दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम काढण्याची मुभा ठेवली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा बँकिंग परवाना रद्द करण्यात आला. एकशे तेरा वर्षांची परंपरा असलेली संस्था अशा रीतीने संपुष्टात आली. ठेव विम्यामुळे लहान ठेवीदारांची रक्कम सुरक्षित राहिली. मात्र निवृत्तीनंतर मिळालेली एकरकमी पुंजी ज्यांनी एकाच ठिकाणी ठेवली होती, त्यांच्यासाठी विम्याच्या मर्यादेपलीकडील प्रत्येक रुपया अवसायनाच्या प्रक्रियेवर अवलंबून राहिला.

या घटनेकडे केवळ एका बँकेची दुरवस्था म्हणून पाहिल्यास तिचा खरा अर्थ निसटतो. ज्याला ‘सुरक्षित’ म्हणावयाचे ते नेमके कोणाच्या जोरावर सुरक्षित असते, हा प्रश्न तिने उपस्थित केला आहे. अनिश्चितता नाहीशी करता येत नाही. ती कोणीतरी वाहत असते. कधी शासन, कधी बँक, कधी विमा संस्था, तर कधी स्वतः कुटुंब. दीर्घकालीन अर्थनियोजन म्हणजे भविष्याचा अचूक अंदाज बांधणे नव्हे. कोणती अनिश्चितता कोणाच्या खांद्यावर आहे हे ओळखणे, आणि जी स्वतःच्या खांद्यावर आहे ती एकाच जागी साचू न देणे, हे त्याचे खरे स्वरूप होय. १ जून २०१७ चे परिपत्रक हरवले तर ते पुन्हा मिळते. वयाच्या साठाव्या वर्षी हरवलेली पुंजी पुन्हा उभी करण्यास अवधी उरत नाही. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या परिस्थितीच्या अनुषंगाने या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

जोखीम, अनिश्चितता आणि तात्पुरते उत्पन्न

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम व अनिश्चितता यांत मूलभूत फरक केला. ज्या घटनेची संभाव्यता मोजता येते ती जोखीम. जिची संभाव्यताच मोजता येत नाही ती अनिश्चितता. अमुक वयाच्या एक लाख व्यक्तींपैकी वर्षभरात किती मृत्यू पावतील हे विमा कंपनीस बऱ्याच अचूकतेने सांगता येते, म्हणूनच आयुर्विमा शक्य होतो. परंतु पंचवीस वर्षांनंतर निवृत्तिवेतनाचा नियम काय असेल, व्याजदर किती असेल, हे कोणत्याही तक्त्यावरून काढता येत नाही. जोखमीसाठी विमा घेता येतो. अनिश्चिततेसाठी मात्र राखीव निधी व विविधीकरण यांचाच आधार घ्यावा लागतो.

व्याजदराचेच उदाहरण घ्यावयाचे तर, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळत होते. मार्च २००३ मध्ये ते ८ टक्क्यांवर आले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के करण्यात आले. शासनाची हमी मुद्दलाला होती व आहे. व्याजाच्या दराला ती कधीच नव्हती. बारा टक्क्यांचे गणित मांडून मुलीच्या शिक्षणाची तरतूद करणाऱ्या कुटुंबाने कोणतीही चूक केली नव्हती, तरीही त्याचे गणित चुकले. भारतीय युनिट ट्रस्टच्या ‘युनिट ६४’ योजनेबाबतही असेच घडले. १९६४ मध्ये सुरू झालेली ही योजना नोकरदार व निवृत्त वर्गात बँकेतील ठेवीइतकीच निर्धोक मानली जात असे. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, तेव्हा तिचा पैसा शेअर बाजारात गुंतलेला आहे याची जाणीव अनेकांना प्रथमच झाली.

या जिल्ह्याला अनिश्चिततेचा धडा त्याच्याही पूर्वी मिळालेला आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि दख्खनमधील शेतकऱ्याची पत अचानक वाढली. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, शेतकऱ्यांनी ती घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले. वाढविलेला सारा व कर्जाचे रोखे मात्र कायम राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला उद्रेक पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. सावकारांच्या घरांतील कर्जरोखे जाळणे हे या दंग्यांचे वैशिष्ट्य होते. त्याची परिणती १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्यात झाली. सावकारी पिळवणूक हे त्याचे प्रमुख कारण निःसंशय होते. परंतु तात्पुरत्या उत्पन्नाला कायमचे उत्पन्न समजून दीर्घ मुदतीचे दायित्व पत्करले गेले, हाही त्यातील एक धागा आहे, आणि तो नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये कायम उत्पन्न व तात्पुरते उत्पन्न हा भेद सिद्धांतरूपाने मांडला. कुटुंबाचा खर्च त्याच्या कायम उत्पन्नाशी सुसंगत असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्राध्यापकांच्या बाबतीत या भेदाची कसोटी वेतन आयोगाच्या थकबाकीच्या वेळी लागते. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या. राज्याचा शासन निर्णय निघाला तो ८ मार्च २०१९ रोजी. सहाव्या आयोगाच्या वेळीही १ जानेवारी २००६ ही तारीख व ऑगस्ट २००९ चा शासन निर्णय असे अंतर होते. अशी साचलेली थकबाकी हाती येते तेव्हा ती उत्पन्नवाढ नसून एकदाच मिळणारी रक्कम असते. तिच्या भरवशावर पंधरा वर्षांचे गृहकर्ज अथवा मोटारीचे हप्ते पत्करणे म्हणजे कापसाच्या तेजीत काढलेल्या कर्जाचीच सुधारित आवृत्ती म्हणावी लागेल.

एकाच जमिनीवर उभी असलेली पुंजी

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. भंडारदरा व मुळा धरणांच्या कालव्यांमुळे उत्तरेकडील तालुके उसाचे, सहकारी साखर कारखान्यांचे. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हे दक्षिणेकडील तालुके पर्जन्यछायेतील व अवर्षणप्रवण. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या कारखान्याने सहकाराचा जो पाया घातला, त्यावर पुढे बँका, पतसंस्था, दूध संघ आणि शिक्षणसंस्था असे संपूर्ण अर्थविश्व उभे राहिले. ज्या शेतकऱ्याला पूर्वी सावकाराशिवाय कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याच्या मुलाला प्राध्यापक होता आले ते याच व्यवस्थेमुळे. सहकाराच्या दोषांची चर्चा करताना हे ऋण विसरता कामा नये.

परंतु व्यक्तिगत नियोजनाच्या दृष्टीने याच वैशिष्ट्यात एक धोका दडलेला आहे. जिल्ह्यातील एखाद्या प्राध्यापकाची सर्वसाधारण आर्थिक स्थिती पाहावी. वेतन शिक्षणसंस्थेमार्फत येते. त्यातून कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचा शेअर, वर्गणी व कर्जाचा हप्ता कापला जातो. शिलकीची ठेव गावातील नागरी बँकेत अथवा एक-दीड टक्का अधिक व्याज देणाऱ्या पतसंस्थेत असते. वडिलोपार्जित शेती गावाकडे, आणि थकबाकीतून घेतलेला एखादा भूखंड शहराच्या वेशीवर. वरवर पाहता ही सहा निरनिराळ्या ठिकाणची गुंतवणूक वाटते. प्रत्यक्षात ती सर्व एकाच जिल्ह्याच्या पावसावर, उसाच्या भावावर व काही मोजक्या संस्थांच्या कारभारावर उभी असते. ज्या वर्षी दुष्काळ पडतो त्याच वर्षी शेतीचे उत्पन्न घटते, भावाला पैसे द्यावे लागतात, पतसंस्थेची थकबाकी वाढते आणि भूखंडाला गिऱ्हाईक मिळत नाही. संख्येने अनेक असणे म्हणजे विविधीकरण नव्हे. एकाच कारणाने एकाच वेळी न कोसळणे हा विविधीकरणाचा निकष होय. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गुंतवणूकसंचाविषयी जे गणित मांडले त्याचा गाभा हाच आहे.

बँक, पतसंस्था आणि ठेव विमा

या संदर्भात ठेव विम्याची कार्यपद्धती नीट समजून घेणे अगत्याचे ठरते, कारण सुशिक्षित वर्गातही तिच्याविषयी मोठे गैरसमज आढळतात. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर भारतात ठेव विम्याचा विचार पुढे आला आणि १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ अस्तित्वात आले. आरंभी विम्याची मर्यादा अवघी १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि तब्बल सत्तावीस वर्षे तेथेच राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख करण्यात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, त्यानंतर काही महिन्यांतच ही वाढ झाली हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०२१ मधील कायदादुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आल्यापासून सामान्यतः नव्वद दिवसांच्या आत विम्याची रक्कम ठेवीदारास मिळावी अशी तरतूद झाली. त्यापूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत वाट पाहावी लागत असे.

पाच लाखांची ही मर्यादा खात्यामागे नसून एका बँकेतील एका ठेवीदारामागे आहे. एकाच बँकेच्या सावेडी, केडगाव व श्रीरामपूर अशा तीन शाखांत प्रत्येकी चार लाख ठेवले, तरी विमा बारा लाखांचा न होता पाच लाखांचाच राहतो. मुद्दल व व्याज यांची बेरीज या मर्यादेत धरली जाते. म्हणून पाच लाखांची मुदत ठेव पहिल्या तिमाहीनंतरच मर्यादा ओलांडते. त्याच बँकेचे कर्ज असल्यास ते वळते करून घेतले जाते. पती-पत्नीच्या नावे स्वतंत्र खाती व संयुक्त खाते हे मात्र निरनिराळ्या अधिकारांतील म्हणून वेगळे मोजले जातात. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदारास काहीच द्यावे लागत नाही.

हा विमा बँकांना आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली पतसंस्था असो, अथवा २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखालील ‘मल्टिस्टेट’ असो, तिच्यातील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. काचेचे दालन, संगणकीकृत पासबुक व गणवेशातील कर्मचारी यांमुळे ‘मल्टिस्टेट’ ही ‘मोठी बँक’ वाटते. कायद्याच्या दृष्टीने हा समज निराधार आहे. वित्तीय संस्थांतील ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी राज्याने १९९९ मध्ये केलेल्या कायद्याखाली मालमत्ता जप्त करता येते, परंतु जप्ती, मूल्यांकन, लिलाव व वाटप या मार्गाने हाती येणाऱ्या रकमेस वर्षे लागतात. सत्तरीतील ठेवीदाराच्या दृष्टीने विलंब हा नुकसानीचाच एक प्रकार आहे.

अधिक व्याजाचा अर्थ येथे उलगडतो. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दोन टक्के अधिक देणारी संस्था ठेवीदारास बक्षीस देत नसते; जी अनिश्चितता अन्यत्र विमा महामंडळ वाहते ती स्वतः वाहण्याबद्दल त्याला तो मोबदला मिळत असतो. पाच लाखांच्या ठेवीवर हा मोबदला वर्षाला दहा हजार होतो. तो पुरेसा आहे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, मात्र सौदा कशाचा होत आहे हे ठाऊक असावे. पगारदार नोकरांच्या पतसंस्थांची स्थिती त्यातल्या त्यात बरी असते, कारण त्यांची वसुली वेतनातून होते. तरीही वेतन अनुदान रखडले की संस्थेचे सर्व कर्जदार एकाच महिन्यात थकतात, हे लक्षात घेता तेथेही संपूर्ण पुंजी ठेवणे युक्त नाही.

निवृत्तिवेतन : जबाबदारीचे स्थलांतर

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख राज्यातील शिक्षकांना दोन वर्गांत विभागते. तत्पूर्वी नियुक्त झालेल्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता मिळतो. तो किती वर्षे जगेल, त्या काळात भाव किती चढतील, बाजार कोठे जाईल, या तिन्ही अनिश्चितता शासनाने पत्करलेल्या आहेत. त्यानंतरच्या नियुक्तीस ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने परिभाषित अंशदान योजना लागू झाली, जी पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली. येथे ठरलेले असते ते अंशदान. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के कर्मचाऱ्याचे आणि राज्य शासनाचे, आरंभी तितकेच व एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के. निवृत्तीनंतर किती मिळेल हे ठरलेले नसते. शासकीय क्षेत्रातील सदस्याने निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी विकत घ्यावी लागते. उर्वरित रक्कम एकदम मिळते. दीर्घायुष्य, महागाई व बाजार या तिन्ही अनिश्चिततांपैकी पहिलीचा काही भाग वार्षिकी देणारी विमा कंपनी घेते. उरलेल्या दोन शिक्षकाच्या घरी येतात.

मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ ते २० तारखेपर्यंत संप केला. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन हमीपूर्वक मिळते. सेवा त्याहून कमी असल्यास त्या प्रमाणात कमी. या पंचवीस वर्षांच्या अटीकडे प्राध्यापकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. सेट-नेट, पीएच. डी., तासिका तत्त्वावरील काही वर्षे आणि पदभरतीवरील निर्बंध यांतून वाट काढीत कायम नियुक्ती मिळेपर्यंत पस्तिशी उलटलेली असणे हे आज अपवादात्मक नाही. अडतिसाव्या वर्षी रुजू होऊन साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची सेवा बावीस वर्षांचीच भरते. एकाच सेवाकाळात निवृत्तिवेतनाचा नियम इतक्या वेळा बदलत असेल, तर पुढील बदल अनुकूलच होईल असे धरून घरचे नियोजन करणे धाडसाचे ठरते. संघटनेने मागणी जरूर लावून धरावी. कुटुंबाच्या हिशेबात मात्र आज लागू असलेलाच नियम धरावा. तसेच जुन्या अंशदानाच्या रकमा आपल्या खात्यात व्याजासह वर्ग झाल्या किंवा नाहीत, याची दरवर्षी लेखी पडताळणी करावी. सुटलेले एक वर्ष पंधरा वर्षांनी शोधणे फार कठीण जाते.

उशिरा सुरुवात आणि महागाई

उशिराच्या नियुक्तीची किंमत किती असते हे एका साध्या गणिताने दाखविता येईल. दरमहा १५ हजार रुपयांची स्थिर बचत आणि वार्षिक ८ टक्के परतावा गृहीत धरू. तेहतीस वर्षांत ही रक्कम सुमारे २ कोटी ९० लाख होते. बावीस वर्षांत सुमारे १ कोटी ७ लाख. काळ दीडपट, पुंजी मात्र पावणेतीनपट. परतावा ८ ऐवजी ६ टक्के मिळाला तर बावीस वर्षांची पुंजी सुमारे ८२ लाखांवर येते. प्रत्यक्षात वेतनाबरोबर अंशदान वाढत जाते, त्यामुळे अंतिम आकडे वेगळे असतील. परंतु काळ व दर यांचा प्रभाव याच स्वरूपाचा राहतो.

आता १ कोटी ७ लाखांचे पुढे काय होते ते पाहू. त्यातील ४० टक्के म्हणजे सुमारे ४३ लाखांची वार्षिकी साडेसहा टक्क्यांनी घेतली, तर दरमहा २३ हजारांच्या आसपास मिळतील. महागाई सरासरी ६ टक्के राहिली तर बावीस वर्षांनंतरचे २३ हजार हे आजच्या साडेसहा हजारांहूनही कमी भरतात. हा आकडा धक्कादायक वाटला तरी तो गुणाकाराचा साधा परिणाम आहे. आणि गोष्ट येथेच थांबत नाही. सर्वसाधारण वार्षिकीची रक्कम आयुष्यभर तीच राहते, आणि ६ टक्क्यांच्या महागाईत रुपयाचे मूल्य बारा वर्षांत निम्मे होते. साठीत पुरणारी रक्कम बहात्तरीत अर्धी होते, म्हणजे औषधोपचाराचा खर्च वाढू लागतो नेमक्या त्या वयात.

यावरून काही गोष्टी ओघाने येतात. वार्षिकीशिवाय मिळणारी ६० टक्के रक्कम ही ‘मोकळी’ रक्कम नव्हे. मुलीचे लग्न वा बंगला यांवर ती खर्ची पडली तर महागाईशी सामना करणारे एकमेव साधन हातचे जाते. तसेच केवळ मुदत ठेवींवर विसंबणारा निवृत्त मनुष्य बाजाराची अनिश्चितता टाळतो, पण महागाईची पूर्णपणे पत्करतो. चाळिशीतील प्राध्यापकाच्या बचतीचा काही भाग समभागांशी निगडित असणे म्हणूनच आवश्यक आहे. त्याला वीस वर्षांचा अवधी असतो. हीच सूचना अठ्ठावन्नाव्या वर्षी दिली तर ती घातक ठरू शकते, कारण निवृत्तीच्या तोंडावर आलेली मंदी भरून निघण्यास पगाराचा आधार उरलेला नसतो. पहिल्या पाच-सात वर्षांच्या खर्चाची रक्कम ठेवी व अल्पबचत योजनांत आणि त्यापुढील काळासाठीची वाढीच्या साधनांत, अशी विभागणी केल्यास बाजार पडलेला असताना विक्री करण्याची वेळ सहसा येत नाही.

जमिनीविषयी येथे थोडे लिहिणे आवश्यक आहे. शेती ही या जिल्ह्यात केवळ मालमत्ता नाही, तिच्याशी कुटुंबाची प्रतिष्ठा निगडित आहे; म्हणून तिचा हिशेब कोणी कागदावर करीत नाही. भूखंडाचा भाव दसपट झाल्याच्या कथा सर्वत्र ऐकू येतात, पण विकल्या न गेलेल्या अथवा वादात अडकलेल्या भूखंडांच्या कथा सांगण्याची प्रथा नाही. शिवाय धारण जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९४७ च्या कायद्याचे निर्बंध डावलून गुंठ्यांवर घेतलेल्या जमिनीची विक्री गरजेच्या वेळी होईलच असे नाही. रुग्णालयाचे देयक तीन दिवसांत भरावयाचे असते. सातबारा तीन दिवसांत विकला जात नाही.

जामीनकी

प्राध्यापकांच्या आर्थिक जीवनातील सर्वांत दुर्लक्षित दायित्व म्हणजे जामीनकी होय. पतसंस्थेचे कर्ज घेताना दोन सहकाऱ्यांची सही लागते आणि ती सही शिक्षककक्षात, चहाच्या पेल्याबरोबर, मजकूर न वाचता केली जाते. नकार देणे शिष्टसंमत मानले जात नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा नमूद नसल्यास जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच असते. संस्थेने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सर्व मार्ग संपवावेत आणि मगच जामीनदाराकडे यावे, असे बंधन कायद्यात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खालील करारामुळे कपात थेट वेतनातून होते.

तीन सहकाऱ्यांच्या प्रत्येकी दहा लाखांच्या कर्जास जामीन असलेल्या प्राध्यापकाच्या वहीत हे तीस लाख कोठेच लिहिलेले नसतात. त्याचे स्वतःचे गृहकर्ज मंजूर होताना, किंवा एखादा सहकारी अकाली निवर्तल्यावर, ते प्रथम दृष्टीस पडतात. कर्जाइतक्या रकमेचा मुदत विमा कर्जदाराने घ्यावा व पॉलिसीची प्रत जामीनदारास दाखवावी, अशी अट पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून घालता येते. सहकाऱ्यास नकार देण्यापेक्षा ही अट घालणे सर्वांनाच सोपे जाते. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांतील प्राध्यापक बहुधा अशा पतसंस्थांच्या संचालक मंडळावर असतात. हा ठराव मांडण्यास त्यांच्याइतके योग्य दुसरे कोणी नाही.

मुदत विमा व आरोग्य विमा यांविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. मृत्यू आणि आजारपण या मोजता येण्याजोग्या जोखमी असल्याने त्या विमा कंपनीवर सोपविणेच शहाणपणाचे. गुंतवणूक व विमा एकत्र करणाऱ्या पॉलिसींत दोन्ही उद्दिष्टे अपुरी राहतात, एवढेच नमूद करावेसे वाटते. नामनिर्देशनाबाबत मात्र एक दक्षता हवी. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हीच भूमिका कायम केली. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही केलेले असावे. विवाहापूर्वी भरलेल्या अर्जात आईचे नाव तसेच राहिले आहे काय, हेही एकदा पाहावे.

तासिका तत्त्वावरील अध्यापक

आतापर्यंतचे विवेचन अनुदानित पदावरील कायम प्राध्यापकाला गृहीत धरून केले आहे. त्याच शिक्षककक्षात बसणाऱ्या, तोच अभ्यासक्रम शिकविणाऱ्या तासिका तत्त्वावरील व विनाअनुदानित तुकड्यांवरील अध्यापकांच्या वाट्याला यातील कोणतीही हमी येत नाही. मानधन वर्षातील काही महिनेच, तेही बहुधा विलंबाने मिळते. त्यांना बचतीचा उपदेश करणे काहीसे क्रूर वाटते, आणि अनियमित उत्पन्नावर मासिक हप्त्याची योजना लादणे व्यवहार्यही नाही. त्यांच्यासाठी पहिली तरतूद निवृत्तीची नसून मानधन न येणाऱ्या महिन्यांची होय. चार ते सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात साठल्याशिवाय अन्य कोणत्याही योजनेत पैसे अडकवू नयेत.

त्यानंतरच्या टप्प्यात, हप्ता चुकला तरी मोठा भुर्दंड न बसणारी साधने त्यांना अधिक सोयीची आहेत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते वर्षाला किमान ५०० रुपये भरून चालू ठेवता येते आणि हाती रक्कम येईल त्या वर्षी दीड लाखापर्यंत भरता येते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. अठरा ते चाळीस या वयोगटातील व प्राप्तिकर न भरणाऱ्या व्यक्तीस अटल पेन्शन योजनेत साठीनंतर दरमहा एक ते पाच हजारांचे हमीचे निवृत्तिवेतन मिळू शकते. चाळिशी ओलांडली की ते दार बंद होते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या विनाअनुदानित संस्थेत मासिक वेतन पंधरा हजारांच्या मर्यादेत असणाऱ्या अध्यापकास कर्मचारी भविष्य निर्वाह निधी लागू होतो, मग नियुक्तिपत्रात त्याचा उल्लेख असो वा नसो. वेतनचिठ्ठीवर ही कपात दिसत नसेल तर संस्थेच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि पोच घेऊन ती जपून ठेवावी.